साकोलीहून दिल्लीला: गॅस कंपन्यांच्या विलीनीकरणावर पाठवलेली एक हरकत

लिंडे आणि प्रॅक्सएअर या दोन कंपन्या एक होणार म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१८ साली लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. त्यात एक कागद साकोलीहून गेला, तो माझा. आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. हल्ली गोंदिया-भंडाऱ्याकडच्या ओळखीच्या धंदेवाल्यांनी ‘असं काही करता येते काय जी?’ म्हणून विचारायला सुरुवात केली, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं दुकान साकोलीत, हायवेपासून थोडं आत. ऑक्सिजन, डीए म्हणजे ॲसिटिलीन, थोडा आरगॉन, थोडा कार्बन डायऑक्साइड. शिवाय रेग्युलेटर, नळ्या, कटरच्या नोजल, वेल्डिंगचे रॉड. गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉल्या बनवणारे, बोअरच्या गाड्या दुरुस्त करणारे, पुलाच्या कामावरचे ठेकेदार, भंगारवाले आणि सगळ्यात मोठे राइस मिलवाले. नवा धान यायच्या आधी उसना तांदूळ करणाऱ्या मिल आपले बॉयलरचे पाइप, एलिव्हेटर, शाफ्ट उघडून बसतात. तेव्हा दुकानात जेवायला फुरसत नसते. रोवणीच्या दिवसांत मात्र माशा मारायच्या.

आता ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर घ्या. आत सात घनमीटर गॅस, १५० किलो दाबानं भरलेला. त्या गॅसचं वजन दहा किलोही भरत नाही. त्याला धरून ठेवणारं लोखंड पन्नास-साठ किलोचं. म्हणजे मी गाडीत लोखंड आणतो आणि लोखंडच परत नेतो. डिझेल लोखंडासाठी जळतं, पैसे गॅसचे मिळतात. म्हणून सिलिंडरचा धंदा लांब जात नाही. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढं गेलात की भाडं गॅसला खाऊन टाकतं.

टँकरचं तसं नाही. हवा थंड करत करत उणे १८३ अंशांपर्यंत नेली की तिच्यातला ऑक्सिजन पाण्यासारखा पातळ होतो. त्या एका लिटरचा पुन्हा गॅस केला तर साडेआठशे लिटरच्या आसपास होतो. त्यामुळे टँकरला दोनशे-तीनशे किलोमीटर परवडतात. भिलाईकडून नागपूरला जाणारे हे टँकर आमच्या साकोलीवरूनच जातात. पांढरं गोल पोट, मागच्या नळाशी बर्फाचा थर, भर मे महिन्यात सुद्धा. ते नागपूरकडे एमआयडीसीत जाऊन रिकामे होतात, तिथला फिलर त्या लिक्विडचा गॅस करून सिलिंडरमध्ये भरतो, आणि तो सिलिंडर शंभर किलोमीटर उलटा माझ्या दुकानात येतो. गॅस माझ्या दारावरून जातो आणि मी त्याच्या येण्या-जाण्याचं भाडं भरतो. ही गोष्ट मला वर्षानुवर्षं माहीत होती. तिचा उपयोग कुठं होईल असं वाटलं नव्हतं.

माझा भाचा नागपुरात एका कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात होता. त्यानं एका जाहिरातीचा फोटो पाठवला. बारीक टायपातली, चौकटीतली, इंग्रजी. खाली लिहिलेलं, ‘मामा, तुमच्या धंद्याचं आहे, वाचा.’ मी फोन करून म्हटलं, वाचतो, पण हे आलं कुठं होतं? तर दिल्ली-मुंबईच्या मोठ्या पेपरात. नियमच तसा आहे म्हणे: देशभर आवृत्त्या असलेल्या चार पेपरात छापायचं आणि त्यातले किमान दोन व्यापार-उद्योगाचे. असला पेपर साकोलीत बँकेच्या मॅनेजरकडं सुद्धा येत नाही. भाच्यानं फोटो पाठवला नसता तर जर्मनीतली आणि अमेरिकेतली कंपनी एक होऊन गेली असती आणि मला ते बिलावरचं नाव बदलल्यावर कळलं असतं.

लिंडे मूळची जर्मन. आपल्याकडं ती म्हणजे जुन्या लोकांची ‘इंडियन ऑक्सिजन’. १९३५ साली कलकत्त्यात सुरू झाली, मग बीओसी इंडिया झाली, २०१३ पासून लिंडे इंडिया. जुने वेल्डर अजूनही ‘आयओएल’चंच नाव काढतात. प्रॅक्सएअर अमेरिकन. आणि गंमत अशी की ती सुद्धा जन्मानं लिंडेचीच. १९०७ साली अमेरिकेत लिंडेच्या नावानं काढलेली कंपनी पुढं युनियन कार्बाइडकडं गेली, होय, तीच भोपाळवाली, आणि तिच्यातून १९९२ साली प्रॅक्सएअर म्हणून वेगळी निघाली. जगात या धंद्यात मोठी नावं चार: लिंडे, प्रॅक्सएअर, एअर लिक्विड आणि एअर प्रॉडक्ट्स. त्यातली दोन एक झाली की तीन उरणार. मी हे आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या भाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, “म्युनिकले लगीन आन् साकोलीत तुमी कायले मांडव टाकता?”

प्रश्न बरोबरच होता. तो मी भाच्याला विचारला.

त्यानं समजावलं ते असं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना एक व्हायचं असेल तर आधी आयोगाला कळवावं लागतं, हा नियम २०११ च्या जूनपासून लागू आहे. आयोग पहिली नजर टाकतो. बहुतेक प्रकरणं तिथंच मंजूर होऊन सुटतात. शंका आली तर कंपन्यांना नोटीस जाते, सविस्तर चौकशी लागते, आणि मग ‘आम्ही असं असं करणार आहोत’ हे कंपन्यांना जाहीर छापावं लागतं. ते छापल्यापासून, २०१८ च्या नियमानं, पंधरा कामकाजाच्या दिवसांत कोणालाही लिहिता यायचं, फी नाही. फक्त नाव, पत्ता, फोन द्यायचा आणि या विलीनीकरणानं आपलं नुकसान नेमकं कसं होतं किंवा होऊ शकतं ते पुराव्यासकट सांगायचं. पुरावा नसलेल्या हरकतींचा विचार होण्याची शक्यता नाही, हे त्या चौकटीतच लिहिलेलं. सरकारी कागदावर इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच वाचलं.

माझ्याकडं नुकसान भरपूर होतं. रात्री बसून वहीची चार पानं भरली. दर वर्षाला वाढतो. सिलिंडर ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिला की फिलर भाडं लावतो, आणि आमच्याकडं पावसात मिल बंद पडली की सिलिंडर राहतोच. सिलिंडरच्या तोंडावरची टोपी हरवली की टोपीचे पैसे. भरती कमी येते. भाचा रविवारी आला, पानं वाचली आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच विचारत गेला, “मामा, त्या दोन कंपन्या एक झाल्यानं हे बदलते काय?”

भाडं बदलत नव्हतं. टोपी बदलत नव्हती. भरतीचं तर प्रकरणच वेगळं. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दीडशे दाब दाखवून भरलेला सिलिंडर दुसऱ्या दिवशी पहाटे गेजवर दहा-बारा किलोनं उतरलेलाच दिसतो, कारण गॅस निवला. त्यातलं किती ऊन आणि किती फिलरची लबाडी हे ठरवायला दोन गेज आणि एक थर्मामीटर लागतो, दिल्ली लागत नाही. सिलिंडरच्या सुरक्षेचं बघायला पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्राची संस्था आहे, आणि पेसोचं मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच. सिलिंडरच्या पोलादाचा कायदा नागपुरात, बाजाराचा कायदा दिल्लीत, अशी ही वाटणी आहे.

चार पानांतून खाली उरलं ते एक वाक्य: मला माल देणारे किती आहेत आणि उद्या किती उरतील?

इथून खरं काम सुरू झालं. मी तीन वर्षांची बिलं काढली. दर, वाहतूक, डिपॉझिट वेगवेगळ्या रकान्यांत मांडलं. असं मांडून बघितलं नव्हतं कधी. बिलाचा शेवटचा आकडा बघून पैसे देणारी आपली जात. मांडल्यावर दिसलं की गॅसचा मूळ दर त्या तीन वर्षांत जेवढा वाढला त्यापेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त वाढल्या होत्या. भाच्याला हा तक्ता फार आवडला. मला नाही आवडला.

मग दुसरे फिलर. मी नागपूरकडच्या आणखी काहींना फोन लावले, दर विचारले. एकानं दर दिला, पण सिलिंडर तुमचे आणा म्हणाला. माझ्याकडं फिरत होते ते बहुतेक पहिल्या फिलरचे. त्यांच्या खांद्यावर त्याचं नाव आणि नंबर ठोकलेला, ते दुसरा कोणी भरत नाही. स्वतःचे घ्यायचे तर सिलिंडरमागं हजारो रुपये, वर पाच वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाची चाचणी. दुसऱ्यानं पत्ता विचारला आणि म्हणाला, “साकोली? तिकडं ते देतात ना. मग त्यांच्याकडूनच घ्या.” मी म्हटलं, त्यांच्यापेक्षा कमी लावा, मी तुमच्याकडून घेतो. तो हसला आणि म्हणाला, “भाऊ, असं नसते.” फोन ठेवून मी हे वाक्य तसंच वहीत उतरवलं.

भाच्यानं ते वाचून डोकं खाजवलं. म्हणाला, हे स्पर्धा कायद्याच्या कलम तीनचं झालं, म्हणजे धंदेवाल्यांनी आपसांत गावं वाटून घेणं. गंभीर आहे, पण त्याची तक्रार वेगळी, रस्ता वेगळा, फीसुद्धा वेगळी. या कागदात घातलं तर दोन्हीचा चोथा होईल. वगळलं. मला ते वगळताना जिवावर आलं, कारण सगळ्या वहीत तेच एक वाक्य होतं जे कोणीही वाचलं तरी समजलं असतं.

पुढचा प्रश्न जास्त अवघड निघाला. माझा फिलर लिक्विड कोणाकडून घेतो? हे मला माहीत असायला हवं की नको? नव्हतं. त्याला विचारायची सोय नव्हती. कशाला विचारता म्हटला असता तर काय सांगणार? टँकरवर नाव असतं, पण टँकर बऱ्याचदा वाहतूकदाराचा. आणि नाव कंपनीचं असलं तरी आतला माल तिचाच असेल असं नाही. मोठ्या कंपन्या एकमेकींत अदलाबदल करतात: तुझं गिऱ्हाईक माझ्या प्लांटजवळ आहे, त्याला मी देतो, माझं तुझ्याजवळ आहे, त्याला तू दे. वाहतूक वाचते, त्यात गैर काही नाही. फक्त माझ्यासारख्याला पाहिलं तर चार नावं दिसतात आणि नळ कदाचित एकच असतो.

शेवटी ढाब्यावर गेलो. साकोलीच्या पुढं देवरीच्या बाजूला टँकरवाले चहाला थांबतात. एक यूपीचा ड्रायव्हर भेटला, बोलका. म्हणाला, भिलाईला भरतो, कधी रायपूरकडं. बिल्टी दाखवायला त्यानं नकार दिला, पण एवढं सांगितलं की एकाच एमआयडीसीतल्या तीन ठिकाणी तो रिकामा करतो, आणि तिन्ही ठिकाणचा माल एकाच जागी भरलेला असतो. मागं टँकरमधून पांढरी वाफ फुस्‌कन सुटत होती, बाजूला एक पोरगं त्याच्यात हात घालायला बघत होतं आणि क्लीनर त्याच्यावर ओरडत होता. मी फिलरच्या गेटावर तीन वेगळ्या पाट्या बघून तीन दुकानं मोजली होती. ड्रायव्हरच्या लेखी ती एकाच नळाची तीन तोंडं होती.

ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालणार नव्हती, तरी ती मला उपयोगी पडली. त्यावरून आम्ही कागदात प्रश्नासारखं मांडलं: या भागातले फिलर लिक्विड कुठून घेतात, त्यातला किती भाग या दोन कंपन्यांच्या प्लांटमधून येतो, हे आयोगानं तपासावं, कारण ते किरकोळ विक्रेत्याला दिसत नाही आणि कंपन्यांना दिसतं.

एक भीती होती ती सांगतो. हा कागद फिलरच्या हाती गेला तर? उद्या त्यानं ‘गाडी बिघडली’ म्हणून आठ दिवस माल दिला नाही की मिलवाला माझ्या दारात शिव्या देत उभा. बायको तर म्हणाली, “अहो, ज्याच्या हातून पाणी पितो त्याच्या विहिरीची तक्रार कशाला?” भाच्यानं दाखवलं की कोणती माहिती गोपनीय ठेवावी ते कारणासकट लिहून मागता येतं. मग आम्ही दोन प्रती केल्या. एकीत सगळं, दुसरीत फिलरचं नाव, माझे दर आणि माझा वर्षाचा उठाव काळा केलेला. काळं करून झाल्यावर दुसऱ्या प्रतीत फारसं काही उरलंच नाही. मी मराठीत सांगत गेलो, त्यानं इंग्रजीत उतरवलं, जोडपत्रांसकट बाड सचिवांच्या नावानं कुरियरनं आणि ईमेलनं गेलं. पोच आली. त्यापलीकडं काही नाही.

त्यानंतर वाट बघणं. खरं म्हणजे वाट बघणंसुद्धा नाही, कारण मिलचा हंगाम जवळ आला होता. भाचाच मधूनमधून बातम्या कळवायचा. युरोपच्या आयोगानं २० ऑगस्टला अटी घालून मंजुरी दिली; प्रॅक्सएअरचा युरोपातला व्यवसाय जपानच्या तायो निप्पॉन सान्सोला पाच अब्ज युरोला विकायचा ठरला होता. पाच अब्ज युरो! मी त्याला म्हटलं, आणि आपण टोपीच्या पैशांवर भांडत होतो.

आपल्या आयोगाचा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ ला आला, पोळ्याच्या तीन दिवस आधी. मंजूर, पण अटींसकट. आदेश नंतर वाचायला मिळाला. तो मी भाच्याला शेजारी बसवून वाचला आणि वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. कंपन्यांचा बाजारातला वाटा चौकोनी कंसात, ‘अमुक ते अमुक टक्के’ असा. काही ठिकाणी नुसत्या चांदण्या. गोपनीय. माझा कागद मी जसा काळा केला होता तसाच त्यांनीही केलेला, फक्त त्यांचे आकडे मोठे.

आणि अटी? लिंडे इंडियाचा बल्लारीच्या ऑक्सिजन कंपनीतला अर्धा हिस्सा विकायचा. तिथंच पोलाद कारखान्याला गॅस देणारा दिवसाला १,८०० टनांचा प्लांट विकायचा. हैदराबाद आणि चेन्नईची सिलिंडर भरायची केंद्रं विकायची. पूर्वेकडं प्रॅक्सएअरचा काही व्यवसाय विकायचा. पुढच्या वर्षी ते विकलंही गेलं: बल्लारीतला हिस्सा आयनॉक्सनं घेतला, दक्षिणेतला धंदा जपानी एअर वॉटरच्या भारतातल्या कंपनीनं १,३८० कोटींना. अमेरिकेची मंजुरी २२ ऑक्टोबरला आली आणि ३१ ऑक्टोबरला दोन्ही कंपन्या एक झाल्या.

आमच्या भागातलं काही विकायला लावलं नव्हतं.

मी भाच्याला विचारलं, आपला कागद कचऱ्यात गेला काय? तो म्हणाला, “नाही मामा, नीट बघा.” आणि त्यानं जे समजावलं त्यासाठी हा सगळा खटाटोप केला असं मी समजतो. आयोग बघतो ते दोघं जिथं समोरासमोर विकतात तिथं. हैदराबादेत लिंडे आणि प्रॅक्सएअर एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या असतील, तर त्या एक झाल्यावर गिऱ्हाइकाचा एक पर्याय मेला. म्हणून एकीला तिथून निघायला लावायचं आणि तिसऱ्याला तिथं बसवायचं. साकोलीच्या दारात दोघी कधी उभ्याच नव्हत्या. मी स्वतःच्या हातानं, तीन वर्षांच्या बिलांसकट, लिहून दिलं होतं की मला माल देणारा एकच आहे. एकाचा पर्याय एकच. त्यातून काय वजा करणार?

म्हणजे पुरावा जितका पक्का केला तितकी माझी हरकत कच्ची झाली. स्पर्धा जिथं आहे तिथं ती वाचवायचा हा कायदा. जिथं पहिल्यापासून नाहीच, तिथं विलीनीकरणानं काही बिघडत नाही, आणि न बिघडलेलं दुरुस्त करायला आयोग बसलेला नाही. यात आयोगाचं चुकलं असं मला वाटत नाही. उलट दक्षिणेत जे करायला लावलं ते बघून हे लोक नुसते ठप्पे मारत नाहीत एवढं पटलं. पण नकाशावर जिथं वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथंच उजेड पडतो, आणि आपण नेहमी वर्तुळाच्या कडेला, ही गोष्ट मात्र मला त्या आदेशानंच शिकवली.

मधल्या काळात कोविड आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं काही ठरावीक उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन बंद केला. २३ तारखेला विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर नागपूरला उतरले. तेव्हा विदर्भातल्या माणसानं पहिल्यांदा ‘लिक्विड कुठून येते?’ हा प्रश्न मोठ्यानं विचारला. माझे रिकामे सिलिंडर दवाखान्यांकडं गेले, दुकान बंदच होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

माझं ज्यानं खरं नुकसान झालं ते विलीनीकरण त्यानंतरचं, आणि त्याला दिल्लीत कोणी बघितलंसुद्धा नाही. माझा फिलर आणि ज्यानं मला ‘सिलिंडर तुमचे आणा’ म्हणून दर दिला होता तो, हे दोघं एक झाले. जाहिरात नाही, हरकत नाही. एक दिवस बिलाचा रंग बदलला, आणि पुढच्या महिन्यात वाहतुकीचा रकाना वाढला. मी लगेच भाच्याला फोन केला: आता तर दोघं खरंच समोरासमोर होते, माझ्याकडं त्याच्या दराचा कागद आहे, लिहू काय? तो आता स्वतःची प्रॅक्टिस करतो. त्यानं विचारलं, “मामा, विकला गेलेला फिलर केवढा?” मी सांगितलं. हसला बिचारा. विकल्या जाणाऱ्या कंपनीची मालमत्ता ३५० कोटींच्या आत किंवा उलाढाल १,००० कोटींच्या आत असेल तर आयोगाला कळवायचीच गरज नव्हती. २०२४ पासून तर ती मर्यादा ४५० आणि १,२५० कोटी झाली. आमच्या एमआयडीसीतले सगळे फिलर, त्यांचे टँक, गाड्या, जमिनी आणि मालकांच्या सुनांचे दागिने एकत्र केले तरी ती रेघ गाठणार नाहीत.

कायदा मधल्या काळात बदललाही. २०२३ ची दुरुस्ती झाली, २०२४ च्या सप्टेंबरपासून सौद्याची किंमत २,००० कोटींच्या वर असेल आणि भारतात चांगला धंदा असेल तर मालमत्ता कमी असली तरी कळवावं लागतं, आणि सगळा निकाल २१० ऐवजी १५० दिवसांत लावायचा. मोबाइलवरच्या नव्या कंपन्यांसाठी असावं ते. आमच्या कामाचं त्यात काही नाही.

उरलेला रस्ता म्हणजे तक्रारीचा. आयोगाकडं माहिती दाखल करायची, एकट्या माणसाला त्याची फी ५,००० रुपये. दोन मुद्दे निघतात: एकटा उरलेला विक्रेता ताकदीचा गैरवापर करतो तो एक, आणि ‘भाऊ, असं नसते’ म्हणत गावं वाटून घेतली तो दुसरा. दुसरा जास्त जोरकस आहे असं भाच्याचं मत, कारण तिथं समोरचा किती मोठा हे सिद्ध करावं लागत नाही. आपसांत ठरवलं एवढं दाखवलं तरी पुष्कळ होतं. पण ते दाखवायचं कशानं? फोनवरचं वाक्य माझ्या वहीत आहे, त्याच्या कागदावर नाही.

म्हणून जे विचारतात त्यांना माझं सांगणं एवढंच असतं: फिलरकडून दर मागायचा तर तोंडी मागू नका, व्हॉट्सॲपवर मागा, आणि नाही म्हणाला तरी ‘नाही’ लिहून घ्या. बिलात गॅस, वाहतूक, भाडं वेगळं दाखवायला लावा. लाखनीचा एक आणि अर्जुनी मोरगावचा एक असे दोघं आता तसं करायला लागलेत. तिघांचे कागद जमले की भाच्याकडं बसायचं ठरलंय. त्यानं फीचं विचारलं तर लाखनीवाले म्हणाले, तिघांत वाटून घेऊ, पण आधी हा मिलचा हंगाम निघू द्या.